टॉलिव्हरबुवांचा नववा अध्याय

दगडू स्लॅबवर उकिडवा बसला आणि हातोडीच्या तोंडानं काँक्रीटला एक टोला दिला. कान खाली नेला. चार पावलं सरकून पुन्हा दिला. आवाज ओल्या मडक्यासारखा आला, भद्द. मग हातोडी मांडीवर ठेवून तो मरीनाच्या पाण्याकडे बघत बसला. वाळू खणून त्यात समुद्र आत घेतला होता, अजून वर्षही झालं नव्हतं. काठानं क्रेनच क्रेन.

"काय म्हणतोय?" साइट इंजिनिअर दत्तप्रसाद जिन्यातून वर येत म्हणाला. पुण्याचा माणूस, पांढरं हेल्मेट, शर्टाच्या खिशात डायरी.

"कच्चा आहे, साहेब."

"दोन दिवसांत कच्चाच असणार. मी शनिवारचं विचारतोय. सॅटर्डे मॉर्निंग, फर्स्ट थिंग, शटरिंग खोलायचं. वरच्या फ्लोअरला जॅक नाहीयेत. नवीन माल खोर फक्कान बंदरात कंटेनरमध्ये अडकलाय. तिथला माणूस रोज इन्शाल्ला म्हणतो आणि इकडे प्रोजेक्ट मॅनेजर माझं डोकं खातो."

"मंगळवारी भरलाय. शनिवारी चार दिवस होतील. नऊ मीटरचा गाळा आहे, वर सळईची बंडलं टाकलीयत. त्यात ही थंडी."

"दुबईत थंडी?" दत्तप्रसाद हसला.

"पहाटे बारा डिग्री होती. आपल्याला कळो न कळो, काँक्रीटला थंडी कळते. येत्या मंगळवारी क्यूब फुटेल, तो बघू आणि मग खोलू."

क्यूब म्हणजे त्याच मालाचा ठोकळा. स्लॅब भरताना चारसहा ठोकळे बाजूला भरून ठेवतात आणि सातव्या दिवशी लॅबमध्ये मशिनीखाली दाबून फोडतात. ठोकळ्यानं किती दम धरला त्यावरून स्लॅबचा दम कळतो. ही गोष्ट दत्तप्रसादला दगडूपेक्षा जास्त ठाऊक होती. कॉलेजात त्यानं ती लिहून मार्क मिळवले होते.

"तू सुतार आहेस की कन्सल्टंट?" तो म्हणाला. तेवढ्यात त्याचा मोबाइल वाजला. "हां शुभ्रा. बाळा, जेवलीस का?" पलीकडून पोरगी इंग्रजीत काहीतरी तोडून बोलली आणि फोन बंद झाला. दत्तप्रसाद क्षणभर फोनकडे बघत राहिला. मग म्हणाला, "सॅटर्डे. खलास."

तो खाली गेला. दगडू उठला नाही. सोमवारपासून या स्लॅबखाली फरशीचं काम लागणार होतं, बावीस गवंडी. जॅक, म्हणजे स्लॅबखालचे लोखंडी टेकू, काढायचा कागद इंजिनिअरचा असतो, पण शटरिंगच्या अठरा सुतारांपैकी एकही दगडूनं मान हलवल्याशिवाय मोगरी उचलत नसे. चौदा वर्षांत ते असंच चालत आलं होतं. आणि चौदा वर्षांत नाही म्हणणाऱ्याचं काय होतं तेही त्यानं पाहिलं होतं. व्हिसा कॅन्सल, आठवड्यात विमान. पोलादपूरकडच्या त्याच्या गावात सेहेचाळीस वर्षांच्या सुताराला कुणी दारात उभं करणार नव्हतं, आणि त्याची मुलगी प्रज्ञा नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती.

पण त्याला रुतलं होतं ते वेगळंच. ते पोथीत होतं.

पोथी म्हणजे एक जाडजूड इंग्रजी पुस्तक. साइटवरचा अमेरिकन कन्सल्टंट देशी परत जाताना एक खोकं टाकून गेला, त्यात फाटके बूट, टॉर्च आणि हे. अमेरिकेच्या एका सिनेटरचं चरित्र. दगडू सातवी शिकलेला. ड्रॉइंगवरून, सेफ्टीच्या पाट्यांवरून आणि वडे गुंडाळून आलेल्या पेपरांवरून इंग्रजी शिकला. त्याच्या डिक्शनरीची पहिली तीस पानं कुणीतरी चहाखाली घालून संपवली होती, त्यामुळे ए अक्षराचे शब्द तो अंदाजानं लावायचा. बाकी एक शब्द सोडायचा नाही. आठवडाभर वहीत मराठी करायचा आणि शुक्रवारी, शेजारच्या खोल्यांतले लोक जुम्म्याच्या नमाजाला गेले की, कॅम्पच्या आपल्या खोलीत वाचायचा.

पहिल्या शुक्रवारी चौघं ऐकायला होते. पाचव्या शुक्रवारी वीस. कधी कुणी ठरवलं कळलं नाही, पण गावी श्रावणात पोथी लागते तसे नियम आपोआप आले. अंघोळ करून बसायचं. बिडी नाही. धरलेला अध्याय एका बैठकीत पुरा करायचा, मधला अध्याय गाळायचा नाही. फोटोचं पान आलं की पुस्तक हातोहात फिरायचं. शेवटी प्रसादाला खजूर. पुस्तकाला दगडूच्याच टोळीतल्या सुतारानं, मिथुननं, प्लायवूडच्या दोन पट्ट्या घासून चौरंग केला होता. एका परदेशी पुढाऱ्याच्या चरित्राला चौरंग. शहाण्या माणसांनी खुशाल हसावं. शहाण्या माणसांना ऐकायला पुष्कळ काही असतं, या वीस जणांना हे एकच होतं.

"सिनेटर म्हणजे काय ओ तात्या?" पहिल्या दिवशी सुजीतनं विचारलं होतं. सुजीत सळई बांधणारा, जिभेला हाड नसलेला.

"आपली राज्यसभा असते ना, तसलं."

"म्हणजे मागच्या दारानं आलेला."

"नाही. हा लोकांनी निवडून दिलेला. सहा वेळा."

एल्मर टॉलिव्हर त्याचं नाव. दुसऱ्याच शुक्रवारी तो टॉलिव्हरबुवा झाला. कोळशाच्या डोंगरातला माणूस. बाप खाणीत दबून मेला तेव्हा हा अकरा वर्षांचा. तेराव्या वर्षी सुताराच्या हाताखाली लागला. पुढे युनियन, दोनदा तुरुंग, पस्तिशीला वकिलीची परीक्षा, मग सिनेट. एकदा पडला. पडला तो खाणमालकांच्या विरुद्ध मत दिलं म्हणून. निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तो खाणीच्या फाटकावर उभा राहून सांगत होता, पुन्हा संधी मिळाली तर मत पुन्हा तसंच देईन. तिथल्या लोकांनी त्याला सहा वर्षांनी परत पाठवला. आपल्याकडे निकालाच्या दुसऱ्या दिवशी पुढारी कुठं असतो, हे दगडूनं वाचता वाचता थांबून विचारलं होतं. सगळे हसले होते.

पुस्तकाचा पहिला अध्याय त्याच्या सगळ्यात गाजलेल्या भाषणाचा. कामाच्या जागी माणसं मरू नयेत म्हणून आणलेला कायदा धनदांडगे हाणून पाडायला निघाले होते. तिथला नियम असा की सभासद उभा राहून बोलत असेल तोवर त्याला बसवता येत नाही. बुवा उभा राहिला आणि नावं वाचू लागला. आपल्या राज्यात कामावर मेलेल्यांची, एकेकाचं नाव, वय, गाव, धंदा. पाण्याच्या घोटावर चौदा तास वीस मिनिटं. पहिली तीन नावं त्याला कागदात बघावी लागली नाहीत. प्रत्येक भाषणात तीच तीन आधी यायची, असं चरित्रकारानं लिहिलं होतं. का, ते लिहिलं नव्हतं. कायदा त्या वर्षी झाला नाही. पुढच्या वर्षी झाला.

"चौदा तास?" सुजीत म्हणाला होता. "आपण रोज बारा उभे असतो, ओव्हरटाइम धरला तर चौदा. आपलं पुस्तक कुठंय?"

"तू उभा असतोस. बोलतोस कुठं?"

हे आठव्या अध्यायापर्यंत असं चाललं. मंगळवारी स्लॅब भरून आल्यावर दगडूनं नववा वाचायला घेतला, फोटोच्या पानावर आला आणि पुस्तक मिटून बसला. त्या दिवसापासून त्याचं जेवणात लक्ष नव्हतं.

शुक्रवारी तो चौरंगासमोर बसला. खोलीत दोन मजली खाटांवर, खाली चटईवर, दारात माणसं. त्यानं वही उघडली.

"एकोणीसशे एकतीस साल, नोव्हेंबर महिना," त्यानं सुरुवात केली. "एल्मर सत्तावीस वर्षांचा. पाणी कंपनीच्या पंपघराचा स्लॅब. त्याच्या हाताखाली नऊ सुतार."

"म्हणजे चार्जहँड," मिथुन म्हणाला. सत्तावीस हे मिथुनचंही वय होतं, आणि चार वर्षं तो चार्जहँड व्हायची वाट बघत होता.

"चार्जहँड. स्लॅब भरून सहा दिवस झालेले. सकाळी नऊ वाजता तो पडला. खाली तिघं होते. ओवेन प्राइस, जो कोवाक, लेम डॉब्स."

नावं ऐकल्यावर खोलीत हालचाल झाली. नऊ शुक्रवार ती तीन नावं कानावर पडत होती. दगडू वाचत राहिला. एल्मरनं हातांनी मलबा उपसला. डाव्या हाताची दोन बोटं चेंगरून गेली, तरी तिघं निघेपर्यंत तो हटला नाही. चौकशीत ठपका सिमेंट पुरवणाऱ्यावर आला. सिमेंटमध्ये भेसळ होती म्हणे. बोटं गेल्यामुळे एल्मरनं पुन्हा कधी सुतारकाम केलं नाही, आणि अशा रीतीनं देशाला एक सिनेटर मिळाला, असं चरित्रकारानं लिहिलं होतं. दगडूनं ते तसंच वाचलं, वही मिटली आणि पुस्तकावर हात ठेवला.

"अध्याय नववा पुरा."

"फोटो, तात्या?" मिथुननं हात पुढं केला.

"आज फोटो नाही."

"आहे की," वरच्या खाटेवरून सुजीत म्हणाला. "मघाशी पान उलटताना मला दिसला. बुवा बसलाय कशावर तरी. पोथीतलं दडवताय होय?"

दगडूचा हात पुस्तकावरच होता. मग त्यानं पान काढलं आणि पुस्तक मिथुनच्या हातात दिलं.

मिथुन नेहमीसारखा आधी हसून बघू लागला. उघड्या जागेवर नवं पंपघर. जमिनीवर बर्फ. पुढं लाकडांच्या चळतीवर टोपी घातलेला तरणाबांड गडी, दोन्ही हात धडके, मांडीवर मोगरी, तोंडभर हसू.

"खाली काय लिहिलंय?"

"पडायच्या दिवशी सकाळी काढलाय. तासभर आधी."

मिथुनचं हसू गेलं. त्यानं पुस्तक ट्यूबलाइटकडे तिरपं केलं.

"टेकू आहेत हे."

"हो."

"काढून ठेवलेत."

"हो."

"मला दाखव," सुजीत खाली उतरला. "लाकडं रचलीयत. त्यात काय एवढं?"

"स्लॅब पडला तर टेकू मोडतात," मिथुन म्हणाला. "त्यांचा भुगा होतो. हे रचलेत, दोरीनं बांधलेत. म्हणजे स्लॅब उभा असतानाच काढले. सहाव्या दिवशी. बर्फात." त्यानं टोपीवाल्यावर बोट ठेवलं. "आणि काढणारा वर बसलाय."

पुस्तक पुढं सरकलं. सुतारांनी बघितलं आणि पुढं दिलं. ज्यांना कळलं नाही त्यांना शेजारच्यानं बोट ठेवून दाखवलं.

"लिहिणाऱ्याला दिसलं नाही?" कुणीतरी विचारलं.

"त्यानं आयुष्यात कधी टेकू काढलाय?" दगडू म्हणाला. सहाशे पानं लिहिली त्या माणसानं. बुवाच्या बायकोच्या झग्याचा रंगसुद्धा शोधून काढला. आणि स्वतःच छापलेल्या फोटोत त्याला एक हसरा पोरगा दिसला, बस्स.

"म्हणजे त्यानंच मारले," सुजीत म्हणाला. त्याचा आवाज एकदम चढला. "आणि आम्ही अंघोळी करून बसतोय त्याच्या पुढ्यात. नऊ शुक्रवार. पुढं सगळं ढोंग मग."

दगडूला राग आला नाही. मंगळवारी त्यालाही असंच वाटलं होतं. त्यानं वही चाळली.

"पुढचं मी थोडं वाचलंय. दर नोव्हेंबरात तो त्या तिघांच्या घरी जायचा. पन्नास वर्षं. म्हातारपणी काठी टेकत जायचा. लिहिणारा म्हणतो, फार दयाळू. गावानं पुलाला त्याचं नाव द्यायचं ठरवलं, तो म्हणाला माझं नाव कुठल्याही बांधकामावर लावू नका. लिहिणारा म्हणतो, फार नम्र." त्यानं वही खाली ठेवली. "सुजीत, ढोंगावर माणूस तासभर उभा राहील. चौदा तास नाही राहणार."



"त्याला कुणीतरी सांगितलं असेल, काढ म्हणून," मिथुन म्हणाला. "वरनं घाई असेल."

"सांगितलंच असेल."

"मग त्याची काय चूक?"

"सांगणाऱ्याचा फोटो नाही निघाला," दगडू म्हणाला. "ह्याचा निघाला."

खजुराचा डबा सुजीतनं उघडला, झाकला, मग पुन्हा उघडून सगळ्यांना एकेक दिला. खाल्ले सगळ्यांनी. उठताना मात्र नेहमीसारखी थट्टा झाली नाही.

शनिवारी सकाळी साडेसहाला सुतार स्लॅबखाली उभे होते. जॅकांचं जंगलच ते, लोखंडी, गंजके, दर चार फुटांवर एक. दत्तप्रसाद आला तेव्हा एकाच्याही हातात मोगरी नव्हती. मोगऱ्या भिंतीशी ओळीनं टेकवलेल्या.

"काय झालं? यल्ला, चला."

"मंगळवारी खोलू, साहेब," दगडू म्हणाला.

"आपलं बोलणं झालंय."

"तुमचं झालंय. माझं राहिलंय. तुम्हाला आजच काढायचे असतील तर तसं लिहून द्या. 'दगडू, चौथ्या दिवशी जॅक काढ.' एवढंच. खाली तारीख आणि सही."

दत्तप्रसादचा चेहरा लाल झाला. "माझ्यावर विश्वास नाही तुझा?"

"तुम्ही वाईट माणूस नाही. पण हा पडला तर तुम्हीच म्हणाल की सिमेंट खराब होतं. आणि लोक मानतील."

"कॅन्सल करून पाठवीन. कळतंय का? सोमवारी विमानात बसशील."

"कळतंय."

दत्तप्रसादनं खिशातल्या डायरीला हात लावला. हात तसाच राहिला. मग तो मिथुनकडे वळला.

"मिथुन, आजपासून चार्जहँड तू. घे माणसं. तिकडच्या कोपऱ्यातून सुरू कर."

मिथुननं दगडूकडे बघितलं. दगडूनं नजर बाजूला घेतली. ज्याला त्याला आपापलं पोट असतं, आणि चार वर्षं वाट बघणं ही काही थट्टा नाही. त्याला 'नाही म्हण' असं सांगायचा हक्क आपल्याला कुणी दिला? तो स्लॅबच्या पोटाकडे बघत उभा राहिला.

मिथुन कोपऱ्यातल्या जॅककडे गेला. मोगरी त्यानं घेतली नाही, जॅकची चाकी फिरवायचा दांडा घेतला. जॅक सैल करतानाही चाकी फिरवतात, ताणतानाही फिरवतात. लांबून बघणाऱ्याला फरक कळत नाही. पण सैल होणारी चाकी पहिल्या हिसक्यानंतर गप्प फिरते, आणि वर ओझं घेत चढणारी चाकी करकरते. दगडूनं डोळे मिटले.

चाकी करकरली.

मिथुननं अर्धा फेरा दिला, जॅकवर तळवा ठेवून बघितला आणि पुढच्याकडे गेला. तीही करकरली. मग बाकीच्या सुतारांनी दांडे उचलले. कुणी कुणाला सांगितलं नाही. थोड्याच वेळात त्या सगळ्या जागेत लोखंडाचा तो कर्कश आवाज भरून गेला, आणि एकेक जॅक ताठ होत गेला.

दत्तप्रसाद मधोमध उभा होता. इंजिनिअर होता तो, त्यालाही आवाज कळत होता. त्यानं वॉकीटॉकी तोंडाशी नेला, खाली घेतला, पुन्हा नेला.

"सर, जॅक नाही मिळणार इथून," तो इंग्रजीत म्हणाला. "शारजाहून भाड्यानं मागवावे लागतील." पलीकडून बराच वेळ प्रोजेक्ट मॅनेजर ओरडत राहिला. त्यानं वॉकीटॉकी कानापासून लांब धरला आणि ओरडणं संपेपर्यंत धरून ठेवला.

मग तो दगडूजवळ आला. आवाज खाली आला होता, पण मऊ नव्हता.

"तुझे कॅन्सलचे पेपर मला आजच पाठवावे लागतील. एवढं झाल्यावर मी तुला ठेवू शकत नाही. वरून विचारणार, कोण तो."

"बरं."

"बरं काय? घरी काय सांगणारेस?"

"ते बघतो मी." दगडूनं हेल्मेट काढून कपाळ पुसलं. "एक करा साहेब. मंगळवारपर्यंत राहू द्या. क्यूब पास झाला तर हा स्लॅब मी खोलीन. मी भरलाय."

दत्तप्रसादनं मान वर करून प्लायवूडच्या फळ्यांकडे पाहिलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग खिशातून डायरी काढली. पेन सापडायला त्याला वेळ लागला. मंगळवारचं पान उघडून त्यानं ते तळहातावर नीट दाबून धरलं.

"किती वाजता?" त्यानं विचारलं.